कावेरीला मोठा फॅन लावला तर मालवाहू विमानाचे इंजिन होईल का?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: "अमेरिकेने एफ१०१ या लष्करी इंजिनाचा गाभा घेतला, पुढे मोठा फॅन लावला आणि सीएफएम५६ हे प्रवासी विमानांचे इंजिन तयार झाले. चीननेही वाय-२० या मालवाहू विमानासाठी डब्ल्यूएस-२० असेच केले म्हणतात. आपल्याकडे कावेरीचा 'कबिनी' हा गाभा आहे. मग त्यालाच मोठा फॅन लावून इल्युशिन-७६ किंवा सी-१७ च्या तोडीच्या विमानाचे इंजिन का करत नाहीत? सर्वांत अवघड भाग कोणता?"

माझी तीसेक वर्षे इंजिनांच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन जमिनीवर बांधून चालवायच्या जागी गेली, त्यातली बरीचशी कॉम्प्रेसरच्या मागे. त्यामुळे उत्तर जरा कॉम्प्रेसरच्या बाजूने झुकलेले असेल, ते समजून घ्या. कावेरी हे तेजस या लढाऊ विमानासाठी आपल्याकडे केलेले इंजिन. गाभा म्हणजे इंजिनाचा मधला भाग: हवा दाबणारा कॉम्प्रेसर, इंधन जाळायची कोठी आणि कॉम्प्रेसर फिरवणारे टर्बाइन. थोडक्यात सांगायचे तर इंजिन होईल, पण झाल्यावर त्यात कबिनीचे फारसे काही उरलेले नसेल.

आधी मोठा फॅन कशासाठी ते पाहू, कारण पुढची सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात. विमान सेकंदाला २३० मीटर वेगाने, म्हणजे ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास चालले आहे असे धरा. इंजिनातून हवा ६०० मीटर वेगाने बाहेर पडत असेल तर ढकलण्याची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास येते. तीच हवा ३५० मीटरने सोडली तर ७९ टक्के. सूत्र पुस्तकात आहेच: २ भागिले (१ अधिक हवेचा वेग भागिले विमानाचा वेग). हळू ढकला, इंधन वाचवा. पण फुकट काही मिळत नाही. ६०० ला दर किलो हवेमागे वेगातली वाढ ३७० मीटर होती, ३५० ला ती १२० वर आली. म्हणजे तेवढ्याच थ्रस्टसाठी, म्हणजे पुढे ढकलणाऱ्या जोरासाठी, तिप्पट हवा हवी, तिप्पट हवेला तिप्पट क्षेत्रफळ, आणि व्यास ढोबळमानाने पावणेदोन पट. लढाऊ विमान हा व्यास धडात लपवू शकत नाही आणि स्वनातीत वेगात त्याचा रोध परवडत नाही, म्हणून कावेरीचा बायपास, म्हणजे गाभ्याबाहेरून जाणाऱ्या हवेचे प्रमाण, जेमतेम ०.१६ ठेवला होता. गाभ्यातून जाणाऱ्या दर १०० किलो हवेमागे बाहेरून फक्त १६ किलो. इल्युशिन-७६ च्या जुन्या डी-३०केपी इंजिनात हे प्रमाण २.४ च्या आसपास आहे. सी-५ गॅलेक्सी या अमेरिकन मालवाहू विमानासाठी जनरल इलेक्ट्रिकने केलेल्या टीएफ३९ मध्ये ते ८ होते, आणि गॅलेक्सी पहिल्यांदा उडाले जून १९६८ मध्ये.

आता फॅन. लोकांना वाटते फॅन म्हणजे सोपा भाग, थंड असतो, फिरतो. दोन मीटर व्यासाचा फॅन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर पात्याचे टोक सेकंदाला ४२० मीटरने, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने धावते. पाते पाच किलोचे धरले आणि त्याचा वस्तुमानबिंदू अक्षापासून ६० सेंटिमीटरवर धरला तर मुळाशी ओढ येते सुमारे ५४ टन. भरलेले दोन दहाचाकी ट्रक एका पात्याला टांगल्यासारखे. अशी वीस-पंचवीस पाती एका डिस्कवर. त्यात प्रमाणपत्र हवे असेल तर चालू इंजिनात पक्षी फेकावा लागतो, आणि पूर्ण वेगात एक पाते मुद्दाम मुळातून तोडून दाखवावे लागते. तुटलेले पाते आवरणाबाहेर जाता कामा नये. ही चाचणी म्हणजे एक अख्खे इंजिन एका सेकंदात भंगारात. रोल्स-रॉइसने आरबी२११ साठी कार्बन तंतूंची हलकी पाती करून पाहिली, ती पक्ष्याच्या चाचणीत टिकली नाहीत, परत टायटॅनियमवर यावे लागले. त्या इंजिनाचा खर्च इतका फुगला की १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि ब्रिटिश सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. 'थंड भागाने' बुडवलेली कंपनी म्हणून आम्ही नव्या मुलांना ही गोष्ट सांगायचो.

तरीही माझ्या मते घोडे पेंड खाते ते फॅनपाशी नाही, फॅन आणि गाभा यांच्या मधल्या जागेत.

कावेरीची रचना बघा. पुढे तीन टप्प्यांचा फॅन, मग सहा टप्प्यांचा उच्चदाब कॉम्प्रेसर, मागे एक टप्पा उच्चदाब टर्बाइनचा आणि एक निम्नदाब टर्बाइनचा. टप्पा म्हणजे पात्यांचे एक कडे; उच्चदाब टर्बाइन कॉम्प्रेसर फिरवते, निम्नदाब टर्बाइन फॅन. तो तीन टप्प्यांचा फॅन हवेचा दाब तिपटीहून जास्त वाढवून गाभ्याच्या हातात देतो. गाभ्याला या भरल्या ताटाची सवय आहे. आता तिथे एका टप्प्याचा मोठा फॅन बसवा. तो मुळाकडच्या भागात दाब दीडपट-पावणेदोनपट करील, त्याहून जास्त नाही. गाभ्यात शिरणारी हवा विरळ झाली, एकूण दाबगुणोत्तर कोसळले, आणि ज्या इंधनबचतीसाठी खटाटोप केला तीच गेली. म्हणून फॅनच्या मागे, त्याच शाफ्टवर, छोट्या पात्यांचे तीन-चार टप्पे बसवावे लागतात. त्याला बूस्टर म्हणतात. बूस्टर बिचारा फॅनच्या मंद गतीने फिरतो, त्याचा व्यास मात्र लहान, म्हणजे त्याच्या पात्यांचा वेग अगदीच कमी. चार टप्पे लावून जे मिळते ते गाभ्याच्या वेगवान शाफ्टवरचे एक-दोन टप्पे सहज देतात.

त्यात चालवण्याची भानगड. पायलटने थ्रॉटल झटकन मागे ओढला की गाभा हलका असल्यामुळे पटकन मंदावतो. फॅन आणि बूस्टर जड, ते गरगरत राहतात आणि हवा पुढे लोटत राहतात. गाभा म्हणतो, मला एवढी नको. मग ती हवा जाणार कुठे? बूस्टर आणि गाभ्याच्या मध्ये झडपा ठेवतात, त्या उघडून जादा हवा बायपासमध्ये सोडून देतात. हे वाचायला सरळ वाटते. एका रिगवर, म्हणजे इंजिनाचा एखादाच भाग वेगळा चालवून पाहायच्या सांगाड्यावर, आमच्या अशाच झडपेचा अॅक्च्युएटर, म्हणजे झडप हलवणारे यंत्र, अर्ध्यात अडकला. नियंत्रण यंत्रणेला झडप उघडी दिसत होती, कारण सेन्सर झडपेवर नव्हता, अॅक्च्युएटरच्या दांड्यावर होता आणि मधला दुवा निसटला होता. थ्रॉटल मागे घेतला आणि तोफ डागल्यासारखा आवाज झाला, लागोपाठ चार-पाच. सर्ज, म्हणजे कॉम्प्रेसरमधला प्रवाह कोसळून उलटा फिरणे. कंट्रोल रूमच्या काचेमागे असूनही आम्ही सगळे खाली वाकलो. बूस्टरच्या शेवटच्या टप्प्याची पाती आवरणाला घासली, रिग उघडून परत लावण्यात तीन आठवडे गेले. सेन्सर नेमका कुठे बसवलाय हे त्या दिवसापासून मी ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारतो.

दुसरे टोक निम्नदाब टर्बाइन. टर्बाइनच्या एका टप्प्याला हवेतून किती ऊर्जा काढता येते ते पात्याच्या वेगाच्या वर्गावर ठरते. वेग निम्मा, तर काम पाव. फॅन मोठा म्हणून मंद, तो ज्या शाफ्टवर आहे त्याच शाफ्टवरचे टर्बाइनही मंद, आणि काम मात्र आधीपेक्षा जास्त करायचे. १८ टन थ्रस्टच्या इंजिनात फॅन फिरवायला दोन-अडीच कोटी वॅट, म्हणजे २० ते २५ मेगावॅट लागतात. कावेरीचा निम्नदाब टर्बाइनचा एकुलता एक टप्पा इथे काय करणार? टीएफ३९ मध्ये असे सहा टप्पे होते. सीएफएम५६ मध्ये चार. प्रॅट अँड व्हिटनीने फॅन आणि टर्बाइनच्या मध्ये गिअर टाकून हा पेच सोडवला, पण हजारो अश्वशक्तींचा असा हलका गिअरबॉक्स विमानावर टिकवायला त्यांचीही उमेदीची वर्षे गेली. आपण पहिल्याच इंजिनात त्या वाटेला जाऊ नये.

मग सीएफएम५६ कसे जमले? इथे प्रश्नात एक गोष्ट निसटली आहे. एफ१०१ लष्करी खरे, पण कावेरीसारखे लढाऊ विमानाचे इंजिन नव्हतेच. ते बी-१ बॉम्बरसाठी होते. लांब पल्ला, तासन् तास क्रूझ, बायपास आधीच २ च्या आसपास, आणि कॉम्प्रेसरला ९ टप्पे. म्हणजे गाभ्याला स्वतःच्या बळावर पुष्कळ दाब देण्याची सवय. त्याच एफ१०१ मधून पुढे एफ-१६ मध्ये बसलेले एफ११० निघाले. बॉम्बरच्या गाभ्यातून एक शाखा लढाऊ विमानाकडे गेली, एक प्रवासी विमानाकडे. उलट दिशेने जाणे वेगळे. आणि तो गाभाही सहज मिळाला नाही. फ्रान्सच्या स्नेक्मा या इंजिन कंपनीबरोबर भागीदारी करायला अमेरिकन सरकारने जनरल इलेक्ट्रिकला १९७२ मध्ये नकार दिला होता. १९७३ मध्ये आइसलँडमधल्या रेक्याविकला दोन्ही देशांचे अध्यक्ष, निक्सन आणि पाँपिदू, भेटले तेव्हा गाठ सुटली. सुरुवातीला गाभा अमेरिकेत बनून बंद पेटीसारखा फ्रान्सला जायचा. पुढे हेच इंजिन केसी-१३५ या लष्करी टँकरवर चढले. आज कोणी आपल्याला 'गाभा देतो' म्हणाले तर त्याचे झाकण उघडता येणार आहे का, हे आधी विचारावे.

आयुर्मानाबद्दल थोडक्यात. सुखोई-३० मधल्या एएल-३१एफपी इंजिनाच्या दोन ओव्हरहॉलमधले अंतर १००० तासांचे आणि एकूण आयुष्य २००० तासांचे. लढाऊ विमानासाठी ते ठीक आहे. मोठे टर्बोफॅन मात्र पंखावरून न उतरवता हजारो तास चालावे लागते. लढाऊ इंजिनाची पाती थोडा वेळ प्रचंड तापतात, मालवाहूची पाती कमी तापमानात पण सलग पाच-सहा तास ताणाखाली असतात. दोन्हीचे मरण वेगळे. एकात वारंवारच्या चढउताराने तडा जातो, दुसऱ्यात पाते हळूहळू लांबत जाते. एका मरणासाठी जोखलेले पाते दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून जोखावे लागते. ती वर्षे कुठलाही संगणक वाचवू शकत नाही.

शिवाय 'लष्करी' या शब्दाची किंमत. आपल्या हवाई दलाची इल्युशिन-७६, म्हणजे 'गजराज', १९८५ पासून सेवेत आहेत आणि चंदीगडहून लेहला जातात. लेहची धावपट्टी ३२०० मीटरहून उंच. तिथे प्रमाणित दिवशीही हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्के. उन्हाळ्यात दुपारी पारा २५ ला टेकला की ती ६५ टक्क्यांच्या आसपास येते. इंजिनात तेवढी कमी हवा, आणि पंखांनाही तेवढीच कमी. म्हणून मालवाहू विमाने तिथली कामे सकाळी लवकर उरकतात. प्रवासी विमानाचे इंजिन सहसा अशी जागा डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले नसते. सी-१७ चे आणखी निराळे: त्याच्या इंजिनांचा झोत मुद्दाम फ्लॅपवर सोडलेला असतो, त्याने उचल वाढते. थ्रस्ट रिव्हर्सर हवा वर आणि पुढे फेकतात, म्हणजे खालची माती उडून इंजिनात जात नाही, आणि भरलेले विमान स्वतःच्या बळावर मागे सरकू शकते. हवेत असतानाही रिव्हर्सर उघडून झपाट्याने खाली येता येते. असे करताना फॅनवर हवा वेडीवाकडी येते, पाती थरथरतात. या सगळ्याला त्या फॅनची तयारी हवी.

आता चाचणी. इंजिन जमिनीवर चालले म्हणजे काहीच सिद्ध झाले नाही. वर विरळ, गार हवेत ते पुन्हा पेट घेते का, ज्योत टिकते का, हे पाहायला उंचीची परिस्थिती निर्माण करणारे टेस्ट सेल लागते. कावेरी त्यासाठी मॉस्कोजवळ न्यावे लागले होते. ते इंजिन तुलनेने सडपातळ, सेकंदाला ७८ किलो हवा घेणारे. आपण बोलतोय त्या इंजिनाला त्याच्या कितीतरी पट हवा लागेल, आणि ती सगळी गार करून, विरळ करून पुरवायची, मागून ओढून घ्यायची. त्या सेलचे विजेचे बिल बघूनच अर्थ खाते ताप काढते. नंतर उडते टेस्ट बेड, म्हणजे चार इंजिनांच्या विमानाचे एक काढून तिथे आपले टांगायचे. कावेरी नोव्हेंबर २०१० मध्ये रशियात इल्युशिन-७६ वरच उडाले. चीननेही डब्ल्यूएस-२० च्या चाचण्या इल्युशिन-७६ च्याच पंखाखाली केल्या. वाय-२० जानेवारी २०१३ मध्ये रशियन डी-३०केपी-२ इंजिनांवर उडाले, २०१६ मध्ये त्याच इंजिनांनिशी हवाई दलात गेले. विमान थांबवून ठेवले नाही, हे मला त्यांचे शहाणपण वाटते. इंजिन आणि विमान एकाच वेळी नवे असले की दोघेही एकमेकांच्या नावाने उशीर करतात. तेजस आणि कावेरीचे आपण पाहिलेच: १९८९ मध्ये इंजिनाला मंजुरी, २००८ मध्ये दोघांची फारकत.

युरोपने ए४००एम या मालवाहू विमानासाठी टीपी४०० हे अगदी नवे टर्बोप्रॉप, म्हणजे प्रोपेलर फिरवणारे इंजिन केले. ते टर्बोफॅन नाही, पण धडा लागू आहे. तिथे उशिराचे एक मोठे कारण इंजिनाचा लोखंडी भाग नव्हताच. नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रमाणपत्र अडले होते. विमान डिसेंबर २००९ मध्ये उडाले.

आता पैसा. सगळी सोंगे आणता येतात, हे आणता येत नाही. मोठ्या मालवाहूंची इंजिने आली कुठून ते बघा. सी-१७ चे एफ११७ म्हणजे बोइंग ७५७ चे पीडब्ल्यू२०००, लष्करी नाव लावलेले. ब्राझीलच्या सी-३९० वर एअरबस ए३२० वाले व्ही२५००. जपानने सी-२ हे मालवाहू स्वतः बनवले, इंजिन घेतले अमेरिकन सीएफ६. सी-१७ विमाने एकूण २७९ बनली, अवजड मालवाहूसाठी हा आकडा मोठा, तरी फक्त त्याच्यासाठी इंजिन बनवायचे म्हटले असते तर हिशेब जुळला नसता. टीएफ३९ हा अपवाद; ते खास सी-५ साठी झाले. पण त्याचे पैसे वसूल झाले ते त्यातून निघालेल्या सीएफ६ या नागरी इंजिनातून आणि एलएम२५०० या सागरी टर्बाइनमधून. गंमत म्हणजे जुन्या गॅलेक्सींना पुढे नवी इंजिने लावली तीही सीएफ६ चीच, म्हणजे आजोबांना नातवाचे कपडे. एलएम२५०० चे नाव मुंबईकरांच्या जवळचे आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या शिवालिक वर्गाच्या फ्रिगेटमध्ये ती बसली आहेत. तिथे ते टर्बाइन फॅनऐवजी जहाजाचा प्रोपेलर फिरवते, एवढाच फरक. कोची येथे बांधलेल्या विक्रांतवरही चार आहेत. गाभ्याचे सोने होते ते असे, तीन-चार ठिकाणी वापरला की.

म्हणूनच मला जपानचे उदाहरण आपल्यासाठी जास्त उपयोगाचे वाटते, चीनचे नाही. पी-१ या सागरी टेहळणी विमानासाठी त्यांनी एफ७ हे इंजिन स्वतः केले. बायपास ८.२, पण थ्रस्ट फक्त ६० किलोन्यूटन, सहा टनांच्या आसपास. अशी चार लावली. मोठ्या सी-२ ला मात्र त्यांनी हात घातला नाही, आयते घेतले. ६० किलोन्यूटनचा फॅन त्यांच्या ताब्यातल्या मशीनवर बनतो, टेस्ट सेलमध्ये मावतो, आणि पाते तुटले तरी खजिना रिकामा होत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर. कबिनीचा गाभा घेऊन काम सुरू करायला माझी हरकत नाही, पण तो 'तयार माल' म्हणून नव्हे, शिकायचे साधन म्हणून. मी असतो तर पहिली पाच वर्षे इंजिनच केले नसते. फक्त फॅन, बूस्टर आणि निम्नदाब टर्बाइन यांच्या रिग केल्या असत्या, बाहेरच्या मोटरवर फिरवून. गाभा म्हणून हवे तर सिद्ध झालेला दुसऱ्याचा घेतला असता, त्याच्यापुढे आपला फॅन लावून पाहिला असता. सोबत ९-१० टप्प्यांच्या नव्या कॉम्प्रेसरवर वेगळी टोळी बसवली असती. त्यानंतर सहा-सात टनांचे इंजिन, टेहळणी विमान किंवा छोट्या प्रवासी जेटच्या मापाचे. इल्युशिनच्या बारा टनांचा विचार त्याच्याही पुढे, आणि सी-१७ च्या अठरा टनांचा तर मी माझ्या हयातीत करणार नाही.

तुम्ही शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रकल्पासाठी विषय शोधताय असे लिहिलेय. गाभ्याच्या मागे सगळे लागतात. तुम्ही बूस्टर घ्या. कमी वेगाच्या पात्यांवरचे प्रवाहाचे विलगन, म्हणजे हवा पात्यापासून सुटणे, थ्रॉटल मागे घेताना झडप किती आणि किती वेगाने उघडावी, याचे साधे गणिती प्रारूप एका सत्रात होते. आणि त्यात झडपेच्या जागेचा सेन्सर नेमका कशावर बसवलाय, तेही लिहा.